विचारलं, तर पुरुष बोलतात

सामन्याच्या आदल्या रात्री सचिन तेंडुलकरला झोप लागायची नाही. एखाद्या मोठ्या सामन्यापुरती ही गोष्ट नव्हती. कारकिर्दीतली तब्बल दहा-बारा वर्षं या अस्वस्थतेनं त्याची पाठ सोडली नाही. मे २०२१ मध्ये एका ऑनलाइन संवादात त्यानं स्वतःच हे सांगितलं. आधी तो त्या जागरणाशी झगडत राहिला. पुढे त्याच्या लक्षात आलं, की मन आपल्या परीनं सामन्याची तयारी करतंय आणि ते असंच करणार. मग झोप येत नाही म्हणून तळमळत पडण्यापेक्षा तो काहीबाही करत राहायचा. व्हिडिओ गेम खेळायचा, चहा करायचा, कपड्यांना इस्त्री करायचा. बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवायची, ही भावानं लावलेली सवय. या साध्या कामांचा त्याला आधार वाटायचा.

हे जगाला कळलं तेव्हा त्याला निवृत्त होऊन सात वर्षं उलटली होती. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यानं पुरुषांना आणि मुलांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं होतं. वानखेडेवरच्या निरोपाच्या दिवशी डोळ्यांत आलेलं पाणी त्यानं लपवलं नाही, आणि रडण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हा त्या पत्राचा आशय होता. विराट कोहलीची कहाणीही फार वेगळी नाही. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात पाच कसोटींत मिळून त्याच्या धावा झाल्या १३४. त्या काळात भोवती माणसं असूनही जगात आपल्याइतकं एकटं कुणी नाही असं वाटायचं, आणि आपली अवस्था समजून घेणारा एखादा तज्ज्ञ जवळ हवा होता, असं त्यानं २०२१ मध्ये समालोचक मार्क निकोलस यांच्याशी बोलताना सांगितलं.

या दोघांकडे पैसा होता, नाव होतं, दिमतीला डॉक्टर होते. तरीही ‘मला त्रास होतोय’ हे चारचौघांत म्हणायला त्यांना वर्षं लागली. मग यवतमाळचा कापूस उत्पादक, नाक्यावर कामाची वाट पाहणारा गवंडी, रात्रपाळी करणारा सुरक्षारक्षक किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाचव्यांदा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण यांनी हे कुणाला सांगायचं?

आकड्यांत दिसणारी माणसं

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. म्हणजे दर दहांमागे सात. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात झाली: २२,७४६. शेतकऱ्यांचा आकडा वेगळा काढला, तर ५,२०७ पैकी ४,९९९ पुरुष. रोजंदारीवर जगणाऱ्यांचं प्रमाण एकूण आत्महत्यांमध्ये चौथ्या हिश्श्याहून जास्त आहे, आणि जवळपास दोन तृतीयांश लोकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होतं. कारणांमध्ये सर्वांत वर आहेत कौटुंबिक समस्या, त्यानंतर आजारपण.

यात एक कोडं आहे. नैराश्याचं निदान जगभर स्त्रियांमध्ये अधिक होतं, आणि आत्महत्येनं मृत्यू मात्र पुरुषांचे अधिक होतात. याचा एक अर्थ असा, की पुरुषांचं नैराश्य बऱ्याचदा ओळखलंच जात नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटणं, कशातच मन न लागणं, झोप आणि भूक बिघडणं, स्वतःला नालायक समजणं ही नैराश्याची ओळखीची लक्षणं पुरुषांमध्येही असतातच. पण बाहेरून दिसतं ते निराळं. माणूस चिडचिडा होतो. क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो. संध्याकाळी दोन पेग घेणारा चार घ्यायला लागतो. गाडी बेफाम हाकतो, ऑनलाइन जुगारात पैसे घालवतो, नाहीतर सुट्टीच्या दिवशीही कामातून डोकं वर काढत नाही. घरातले म्हणतात, ‘स्वभावच तापट आहे’, ‘नाद लागलाय’, ‘कामाचा व्याप वाढलाय’. आजार आहे, असं कुणाच्या मनात येत नाही.

दवाखान्यातही तो आपलं मन घेऊन जात नाही, अंगदुखी घेऊन जातो. ‘पाठ धरलीय’, ‘पित्त होतंय’, ‘छातीत धडधडतं’, ‘रात्री तीनला जाग येते ती येतेच’. बाहेर रांग लागलेली असते. डॉक्टर नाडी पाहतात, बीपी मोजतात, फार तर ईसीजी काढतात. ईसीजी नॉर्मल निघतो. पित्ताची आणि दुखण्याची गोळी घेऊन तो परततो आणि दोन महिन्यांनी त्याच तक्रारी घेऊन पुन्हा येतो. ‘झोप का येत नाही? डोक्यात काय चालू असतं?’ एवढं विचारायला त्या भेटीत कुणाला सवड होत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

मुलगा असून रडतोस?

गप्प बसण्याचं शिक्षण फार लवकर सुरू होतं. गुडघा फुटलेल्या चार वर्षांच्या मुलाला सांगितलं जातं, ‘मुलगा असून रडतोस?’ शाळेत हळव्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून चिडवतात. रडायचं नाही, घाबरायचं नाही, हरलं तरी दाखवायचं नाही. मोकळेपणानं व्यक्त करायला एकच भावना शिल्लक राहते, ती म्हणजे राग. मुलगा मिशी फुटायच्या वयात येतो तेव्हा दुःख, अपमान, भीती, मत्सर या सगळ्यांना एकाच दारानं बाहेर पडायची सवय लागलेली असते.

त्यातच कर्तेपणाचं ओझं येतं. घर चालवणारा, बहिणीचं लग्न लावणारा, आईवडिलांच्या आजारपणाला पुरून उरणारा तो पुरुष, असा हिशेब ठरलेला असतो. पीक गेलं, नोकरी सुटली, धंदा बसला की फक्त पैसा जात नाही. पुरुष म्हणून असलेली आपली किंमतच गेली असं त्याला वाटतं. कर्जवसुलीचा फोन वाजला की तो अंगणात जाऊन बोलतो, बायकोला आकडा कळू देत नाही. अनेक घरांत नवऱ्यानं कुणाकुणाकडून किती उचललं होतं, हे बायकोला कळतं ते तो गेल्यानंतर, घेणेकरी दारात आल्यावर.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात नवरदेवाच्या वेशातले तरुण घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. लग्नाला मुली मिळत नाहीत, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी व्हावी, ही मागणी. त्या मोर्चाची छायाचित्रं देशभर फिरली, त्यावर विनोद झाले. पण गावोगावी पस्तिशी गाठलेले, शेती करणारे, एकटे पडलेले पुरुष आहेत आणि त्यांचं दुःख वेश घालून, वरात काढूनच रस्त्यावर यावं लागलं, ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पिढ्यानपिढ्या मुलगाच हवा म्हणणाऱ्या समाजानं त्या मुलांवरच काय वेळ आणली, हेही त्या मोर्चानं दाखवलं.

पुरुषानं कठोर असावं, ही काही मराठी मातीची एकमेव शिकवण नाही. आषाढी वारीत खांद्यावर पताका घेतलेले, रापलेल्या चेहऱ्याचे शेतकरी एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात, वाकून पायाला हात लावतात, उराउरी भेटतात, फुगडी घालतात. डोळे भरून आले तर कुणी तोंड फिरवत नाही. तिथे कुणाची मर्दानगी कमी होत नाही. साने गुरुजींच्या हळवेपणाची तर त्यांच्या हयातीतच टिंगल झाली. पण याच गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि मंदिराचे दरवाजे उघडायला लावले. हळवेपणा आणि धैर्य एकाच माणसात नांदतं, याचं याहून ठळक उदाहरण महाराष्ट्राला शोधावं लागणार नाही. गुरुजींचा शेवट मात्र ११ जून १९५० रोजी आत्महत्येनं झाला. सगळ्यांच्या दुःखानं कळवळणाऱ्या माणसालाही स्वतःच्या दुःखात सोबत लागते.

क्रिकेटच्या मैदानावर

पुरुष बोलतच नाहीत, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण महाराष्ट्रात आणि गोव्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत झालेलं काम निराळं सांगतं. पुरुष आपणहून मदत मागायला येतील याची वाट न पाहता, ते जिथे असतात तिथे जाऊन, त्यांना समजेल अशा भाषेत विचारलं, तर ते बोलतात.

मुंबईत शाळकरी मुलगा सर्वांत जास्त कुणाचं ऐकत असेल, तर क्रिकेटच्या सरांचं. ‘परिवर्तन’ हा उपक्रम याच निरीक्षणावर उभा राहिला. स्त्रियांविषयीच्या प्रश्नांवर संशोधन करणारी आयसीआरडब्ल्यू ही संस्था, शालेय क्रीडास्पर्धा भरवणारी मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन आणि गोवंडीत काम करणारी ‘अपनालय’ एकत्र आल्या. मूळ कल्पना अमेरिकेतली, तिला मुंबईच्या मैदानावरचं रूप दिलं गेलं. शाळांचे क्रिकेट प्रशिक्षक आणि गोवंडीच्या शिवाजीनगरमधले तरुण मार्गदर्शक यांना प्रशिक्षण मिळालं. सरावाच्या वेळात थोडा वेळ काढून, हातात विषयाचं कार्ड घेऊन सर मुलांशी बोलायचे. राग आला की काय करायचं, मुलींविषयी कसं बोलायचं, मित्र कुणाची छेड काढत असेल तर आपण काय करायचं, असे विषय. नंतरच्या पाहणीत या मुलांच्या स्त्री-पुरुष समानतेविषयीच्या विचारांत सुधारणा दिसली. छेडछाड पाहून खिदळण्याचं, त्यात सामील होण्याचं प्रमाणही कमी झालं.

यातली खुबी मैदानात आहे. वर्गात बसवून ‘भावना व्यक्त करा’ म्हटलं, तर मुलं खाली मान घालतील. पॅड बांधता बांधता, सरांच्या समोर, घामेजलेल्या अंगानं ती सहज बोलून जातात. शिवाय आजवर ‘काय मुलीसारखा खेळतोस’ म्हणणारे सरच जेव्हा ते वाक्य टाळायला लागतात, तेव्हा मुलगा न सांगता शिकतो.

‘परिवर्तन’च्या बरंच आधी, १९९१ मध्ये, सी. वाय. गोपीनाथ या पत्रकारानं वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली होती. बायकोला मारणं चूक आहे असं मानणाऱ्या आणि त्यासाठी काही करू इच्छिणाऱ्या पुरुषांनी संपर्क साधावा, असं तिच्यात आवाहन होतं. दोनशेहून जास्त पुरुषांची पत्रं आली. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’ ही संघटना उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन तरुणांशी बोलताहेत. निवासी शिबिरं, पथनाट्यं, चित्रपट दाखवून त्यावर चर्चा असं त्यांचं काम चालतं. ‘पुरुष स्पंदनं’ हा त्यांचा दिवाळी अंक तर पुरुषांनी पुरुषपणाविषयी लिहावं यासाठीच निघतो. लैंगिकतेविषयीचे गैरसमज, घरातली मारहाण, प्रेमातला नकार अशा गोष्टी ही मुलं पहिल्यांदा मोठ्यानं बोलतात ती अशा शिबिरात. नकार पचवणं ही शिकण्याची गोष्ट आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पडद्यावरचा नायक तर पोरगी ‘हो’ म्हणेपर्यंत तिचा पिच्छा सोडत नाही.

गोव्याचा अनुभव, अमरावतीचा अनुभव

दारू हा पुरुषांच्या मनाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महागात पडणारा उपचार. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेनं तिथून सुरुवात केली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला. ताप, खोकला, जखम, कोणत्याही कारणानं केंद्रात आलेल्या पुरुषांना पिण्याविषयी काही प्रश्न विचारले गेले. ज्यांचं पिणं घातक पातळीवर पोहोचलं होतं अशा ३७७ पुरुषांना या अभ्यासात घेतलं. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर समुपदेशन मिळालं.

समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. शाळा शिकलेली, तिथलीच भाषा बोलणारी साधी माणसं होती. त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं आणि पुढेही ती एकमेकांच्या संभाषणांची रेकॉर्डिंग ऐकून कुठे काय चुकलं ते ठरवत. एका पुरुषाशी जास्तीत जास्त चार भेटी. पहिल्या भेटीत उपदेश नाही, दटावणं नाही. त्यानं सांगितलेल्या माहितीवरून त्याच्यासमोर त्याचंच चित्र मांडायचं: इतकं पिता, त्यावर इतका खर्च होतो, झोपेवर, कामावर, घरावर असा परिणाम दिसतो. मग काय बदलायचं ते त्यानंच ठरवायचं. पुढच्या भेटींत प्रत्यक्ष सराव. मित्रानं ग्लास पुढे केला तर काय म्हणायचं? पगाराच्या संध्याकाळी कोणत्या रस्त्यानं घरी जायचं? राग आला, उदास वाटलं तर हात बाटलीकडे जाण्याआधी दुसरं काय करता येईल? शेवटच्या भेटीत, पाय घसरलाच तर पुन्हा कसं सावरायचं ते.

तीन महिन्यांनी, आधीच्या दोन आठवड्यांत थेंबही न घेतलेल्या पुरुषांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के होतं, दुसऱ्या गटात १८ टक्के. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतरही दोन्ही गटांमधला फरक टिकून होता. मात्र जे पीत राहिले त्यांचं पिणं घटलं नाही, आणि पत्नीवरच्या हिंसाचारातही फरक आढळला नाही. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, वरचेवर झिंगून येणाऱ्या नवऱ्यांच्या ७० टक्के बायकांनी मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. न पिणाऱ्यांच्या बाबतीत ते प्रमाण २३ टक्के होतं. दारूमुळे आगीत तेल पडतं हे खरंच, पण न पिणाऱ्यांच्या घरातही जवळपास चौथ्या हिश्श्यात मारहाण आहे. बाटली सुटली म्हणून बायकोवर हात उगारण्याचा हक्क मनातून आपोआप जात नाही. त्यासाठी ‘मावा’ करते तसं किंवा मैदानावर सर करतात तसं, पुरुषपणाविषयीच बोलावं लागतं. पुरुषाचं मन निरोगी होणं आणि त्याच्या घरातली बाई सुरक्षित असणं ही दोन कामं हातात हात घालूनच करायची आहेत.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी केलेल्या या कामात गावातलेच आरोग्य कार्यकर्ते पुढे होते. लहान लहान बैठका घ्यायच्या, ताण म्हणजे काय, तो अंगावर कसा दिसतो ते सांगायचं, ज्याला गरज आहे त्याला समुपदेशकाशी जोडून द्यायचं आणि आजार गंभीर असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं, अशी साखळी होती. कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारांसाठी कुणाकडे गेले होते. दीड वर्षानं हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर पोहोचलं. यातली सर्वांत आशा वाढवणारी बाब अशी, की ही मदत स्त्रिया आणि पुरुष दोघांपर्यंत सारखीच पोहोचली. जातीनं, शिक्षणानं, उत्पन्नानंही त्यात फरक पडला नाही. ज्या भागातल्या शेतकऱ्याविषयी ‘तो कुणाला काही सांगत नाही’ असं सर्रास म्हटलं जातं, तिथलाच हा अनुभव आहे.

पुण्यातलं ‘मुक्तांगण’ तर १९८६ पासून चालू आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर. इथे दाखल झालेला पुरुष गटात बसून बोलतो, आणि समोरचा समुपदेशक बऱ्याचदा स्वतः त्या दलदलीतून बाहेर आलेला असतो. ‘तुला काय कळणार’ हा बचावच तिथे चालत नाही. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे, कारण नवऱ्याच्या व्यसनानं तीही आजारलेली असते. व्यसन सोडल्याचे वाढदिवस इथे साजरे होतात. मोठमोठे बाप्ये कुटुंबासमोर उभे राहून आपली कहाणी सांगतात, आणि ऐकणाऱ्यांत नुकताच दाखल झालेला, अजून हात थरथरणारा एखादा तरुण असतो.

मराठी सिनेमानंही हा विषय ओंजळीत धरल्यासारखा जपून हाताळला आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ स्किझोफ्रेनियानं आजारी झालेल्या माणसाची आणि त्याच्या बहिणीची गोष्ट सांगतो. त्यांच्याच ‘कासव’मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केलेला तरुण आहे, आणि त्याला काहीही न विचारता आसरा देणारी, तो बोलेपर्यंत थांबणारी एक बाई. ‘कासव’ला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, सुवर्णकमळ मिळालं.

फक्त ‘मन मोकळं कर’ पुरत नाही

कर्जाखाली पिचलेल्या माणसाला नुसतं ‘बोल, बरं वाटेल’ म्हणणं ही त्याची थट्टा ठरेल. वर दिलेल्या आकड्यांत सर्वाधिक भरणा कमी उत्पन्नाच्या माणसांचा आहे, हे विसरता येणार नाही. पिकाला भाव, वेळेवर मिळणारं पीककर्ज, कामाची शाश्वती, वसुली करणाऱ्यांना कायद्याचा धाक ही मानसिक आरोग्याचीच कामं आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. प्रयत्न फसलेल्या माणसाला पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात न नेणारी घरं आजही आहेत. त्यांना हे कळायला हवं.

पैशाची अडचण तीच असते, पण ती एकट्यानं वागवणारा माणूस आणि घरात सांगून टाकलेला माणूस यांच्या अवस्थेत मोठं अंतर असतं. आकडा बायकोला कळला की निदान दोघं मिळून बँकेत जाता येतं, सोनं मोडायचं की जमीन खंडानं द्यायची ते ठरवता येतं. नैराश्यात माणसाला सगळे रस्ते बंद झालेले दिसतात. दुसऱ्याला त्यातला एखादा उघडा दिसू शकतो. नैराश्याचा आजार औषधांनी आणि समुपदेशनानं आटोक्यात येतो; ही औषधं व्यसन लावतात हा समज बहुतेक नैराश्यविरोधी गोळ्यांच्या बाबतीत चुकीचा आहे. फक्त त्या डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करायच्या नसतात.

घरच्यांनी, मित्रांनी काय करावं? ‘टेन्शन घेऊ नको’, ‘तुला काय कमी आहे’, ‘खंबीर हो’ ही वाक्यं आधी बाजूला ठेवावीत. त्यांनी समोरचं माणूस पुन्हा मिटतं. त्यापेक्षा जे दिसतंय तेच सांगून विचारावं: ‘दादा, महिनाभर बघतोय, तू कट्ट्यावर येत नाहीस. काय चाललंय?’ ‘अहो, रात्ररात्र जागे असता तुम्ही. मला सांगा ना.’ समोरासमोर बसवून केलेली चौकशी पुरुषांना अनेकदा अंगावर आल्यासारखी वाटते. शेतावर जाताना, गाडीवर मागे बसून, गाडी धुताना, भाजी आणायला जाताना हाच प्रश्न सोपा होतो. पहिलं उत्तर ‘काही नाही’ असंच येणार. तिथे थांबायचं नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारायचं.

तो मरणाचं बोलू लागला, आवराआवर करू लागला, जपलेल्या वस्तू वाटू लागला, खूप दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक शांत झाला, तर स्पष्ट शब्दांत विचारावं: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते, ही समजूत खोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नये, घरातलं कीटकनाशक आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही बोलता येतं. फोन प्रशिक्षित समुपदेशक घेतात आणि गरज पडली तर तज्ज्ञांशी जोडून देतात. फोन त्रासात असलेल्या माणसानंच करायला हवा असं नाही. ‘आमच्या ह्यांना कसं सांभाळू’ हे विचारायला बायकोनं, भावानं, मित्रानं केला तरी चालतो.

आणि सरकारी व्यवस्थेला फार नवं काही शोधायचंही नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या बीपी-शुगरच्या तपासणीसाठी आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात मनाविषयीचे दोन प्रश्न आधीच छापलेले आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतंय का. पण आशाताई घरी येतात दिवसा, तेव्हा घरात भेटतात बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. कर्ता पुरुष शेतावर, साइटवर किंवा रिक्षात असतो आणि त्याच्या वतीनं ‘बरे आहेत’ असं उत्तर लिहिलं जातं. हेच दोन प्रश्न पहाटे दूध डेअरीच्या रांगेत, बाजार समितीच्या आवारात लिलावाची वाट पाहणाऱ्यांना, संध्याकाळी रिक्षा स्टँडवर आणि मजूर नाक्यावर विचारले गेले पाहिजेत, आणि ते विचारायला आशाताईंच्या सोबतीला पुरुष आरोग्यसेवकांनीही जायला हवं. पुरुष उत्तर देतात, हे गोव्यातल्या आरोग्य केंद्रांनी आणि अमरावतीच्या गावांनी दाखवून दिलं आहे.